निम्म्या राज्यांची मान्यता

धुळ्यात खोली मिळवायला मला परीक्षा द्यावी लागली, आणि त्या परीक्षेत मी नापास झाले होते हे मला खोली मिळाल्यावर कळलं.

मुलींच्या शाळेत गणित शिकवायची नोकरी नुकतीच लागली होती. जळगावहून वडील मला पोचवायला आले होते. चौथ्या गल्लीत एका वकिलांची माडीवरची खोली रिकामी आहे असं कुणीतरी सांगितलं, म्हणून ट्रंक आणि वळकटी घेऊन आम्ही तिथं थडकलो. वकील ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. अंगात बंडी, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा आणि मांडीवर एक जाडजूड पुस्तक. वडील नाव-गाव सांगायला लागले तर त्यांनी हातानंच थांबवलं आणि मला विचारलं, "शेती कुणाकडे?"

मी म्हटलं, "काकांकडे. जामनेरजवळ."

त्यांनी डोळे मिटून घेतले. दाढ दुखतेय की काय असं मला वाटलं. मग म्हणाले, "मी देशातली शेती विचारतोय, बाई. केंद्राकडे की राज्याकडे?"

शेतीसारखी मोठी गोष्ट मोठ्या सरकारकडेच असणार, असा हिशेब करून मी केंद्र म्हणाले. त्यावर त्यांनी आम्हाला उन्हात उभं ठेवून व्याख्यान दिलं. शेती राज्याची, पोलीस राज्याचे, दवाखाने राज्याचे. रेल्वे, टपाल, सैन्य आणि परराष्ट्र व्यवहार केंद्राचे. आम्ही एसटीनं आलो म्हणजे राज्याच्या गाडीनं आलो, हेही त्यांनी ओघात सांगून टाकलं. वडील व्यवहारी होते. ते प्रत्येक वाक्याला "बरोबर आहे" म्हणत गेले. शेवटी ओट्यावरचं भाषण ऐकून कंटाळलेला एक बायकी आवाज आतून आला, "बाई, आठे रोज भाकर ऱ्हास. चाली ना?" मी रोज भाकरी चालेल म्हटलं. तेवढ्यावर खोली मिळाली. नंतर कळलं की भाडेकरू हा त्या घरात समवर्ती विषय होता. म्हणजे दोघांनी मिळून ठरवायचा. वकिलांनी मला नापास केलं होतं, आतल्या आवाजानं पास केलं.

तो आवाज अक्कांचा, वकिलांच्या बायकोचा. वकिलांना सगळी गल्ली नाना म्हणायची. पाठीमागे त्यांचं दुसरं नाव होतं, 'सातवी अनुसूची'. आपल्या घटनेच्या शेवटी जी परिशिष्टं जोडलेली आहेत त्यांतलं हे सातवं. कोणत्या विषयावर दिल्लीनं कायदे करायचे, कोणत्या विषयावर राज्यांनी आणि कोणत्या विषयावर दोघांनी, अशा तीन सूची त्यात आहेत. माणसं विष्णुसहस्रनाम पाठ करतात, तशी नानांनी ही अनुसूची पाठ केली होती. सकाळी आंघोळ करताना ती मोठ्यानं म्हणायचे. माझी खोली बरोबर मोरीच्या वर होती, त्यामुळे 'दीपगृहे', 'अफूची लागवड' वगैरे शब्द ऐकत मी वेणी घालायची.

माणूस घटनेवर प्रेम करतो तर करू दे. पण नानांनी तीच व्यवस्था घरात लागू केली होती. नाना म्हणजे केंद्र. अक्का म्हणजे राज्य. स्वयंपाक, धान्य, दूध, सणवार, दुखणीबाणी आणि मुलीचं शिक्षण हे राज्याचे विषय. बाहेरच्यांशी संबंध, प्रवास, पत्रव्यवहार, कोर्टकचेरी आणि घराची डागडुजी हे केंद्राचे. भाडेकरू, वीज आणि लग्नकार्य समवर्ती. समवर्ती विषयात दोघांचं जमलं नाही तर केंद्राचं चालायचं, कारण घटनेतही तसंच आहे. आणि जे कुठल्याच सूचीत नाही ते आपोआप नानांचं. लिखित घटनेचा एवढा अभिमान बाळगणाऱ्या या माणसाच्या घरातली घटना मात्र सगळी तोंडी होती, आणि मला ते सुरुवातीपासून संशयास्पद वाटत आलं.

अंगणात एकच नळ होता. नगरपालिकेचं पाणी सकाळी थोडाच वेळ यायचं आणि त्यावर खाली नाना-अक्का आणि वर मी, असे दोन दावेदार. पाणी राज्याचं, म्हणून मी अक्कांशी बोलून माझ्या दोन बादल्यांची वेळ ठरवून घेतली. तर नानांनी हरकत घेतली. एकाहून जास्त राज्यांतून वाहणाऱ्या नदीवर केंद्राचा अधिकार असतो, तेव्हा हा नळ आंतरराज्य नदी आहे आणि वाटप केंद्र करील. त्यांनी वाटप केलं ते अक्कांनी ठरवलेलंच होतं, फक्त ते सांगायला त्यांनी कोट घातला.

जळगावला जायचं झालं तर सगळं धुळं पारोळा-एरंडोलवरून एसटीनं जातं. नाना मात्र चाळीसगावला जाणाऱ्या आगगाडीत बसायचे, तिथं गाडी बदलायचे आणि अर्धा दिवस घालवून जळगावला पोचायचे. विचारलं तर म्हणायचे, केंद्राच्या सेवकानं केंद्राच्या गाडीनंच जावं. ते कुणाचेच सेवक नव्हते. त्यांची वकिलीसुद्धा बेताचीच चालायची.

वकिली चालणार तरी कशी? सोनगीरच्या एका शेतकऱ्याची म्हैस दुसऱ्याच्या भुईमुगात शिरली म्हणून कोंडवाड्यात घातली होती. किरकोळ दंड भरला की सुटली असती. पण कोंडवाडे हा राज्यसूचीतला विषय आहे, एवढं नानांना पुरेसं होतं. त्यांनी कोर्टात कायदेमंडळांच्या अधिकारांचा इतिहास पार इंग्रजांपासून सुरू केला. न्यायाधीश चांगले होते, त्यांनी चहाच्या सुट्टीपर्यंत ऐकून घेतलं. सुट्टीत तो शेतकरी सगळं मान्य करत हात जोडून म्हणाला, "साहेब, बठ्ठं खरं शे. पन मन्ही म्हैस कव्हय सुटी?" ही गोष्ट नाना स्वतःच सांगायचे आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. स्वतःवर हसणाऱ्या माणसावर फार काळ रागावता येत नाही, नाहीतर मी दुसरी खोली केव्हाच बघितली असती.

एकदा अक्का तापानं आडव्या झाल्या. तेव्हा नानांनी स्वयंपाकघरात राष्ट्रपती राजवट जाहीर केली. मी खिचडी टाकते म्हणाले तर नाना भाडेकरूंना राज्यकारभारात घेता येत नाही म्हणाले. पहिल्या दिवशी भात करपला. दुसऱ्या दिवशी वांगी भाजायची ती चुलीत पडून राख झाली. तिसऱ्या दिवशी अक्का भिंतीला धरून उठल्या आणि पाटावर बसून भाकरी थापायला लागल्या. नाना उंबऱ्याबाहेरून म्हणाले, "लोकनियुक्त सरकार परत आलं." त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जी सुटका होती ती मी विसरलेले नाही.

मला एकच गोष्ट खटकायची. या सूची नाना मनात येईल तेव्हा बदलायचे. रेडिओ आधी अक्कांकडे होता. बांगलादेशची लढाई सुरू झाली आणि तो केंद्राकडे गेला, लढाई संपली तरी परत आला नाही. अंगणातली खाट, माळ्याची किल्ली, पाहुण्यांचा मुक्काम, असं एकेक इकडून तिकडे जात राहिलं, आणि ते जाताना अक्कांना कुणी विचारलं नाही. जेवताना नाना जाहीर करायचे आणि अक्का वाढत राहायच्या. मी एकदा अक्कांना म्हटलं, तुम्ही काही बोलत कशा नाही? त्या म्हणाल्या, खाट काय, उचलून आणता येते. बोलायचं ते जपून ठेवावं.

अक्का नरडाण्याकडच्या. चार इयत्ता शिकलेल्या, त्यानंतर लग्न. अहिराणी सोडून दुसरं काही बोलायच्या नाहीत, आणि धुळ्यातल्या कुठल्याही वकिलाच्या बायकोपुढे त्यांना त्याचा संकोच वाटला नाही. त्यांची मुलगी सुमन माझ्या वर्गात होती. गणितात हुशार, बोलायला फटकळ, आणि बापासारखीच हट्टी. अकरावीला चांगले मार्क पडले तेव्हा नानांच्या मनात तिनं राज्यशास्त्र घेऊन बी.ए. व्हावं आणि मग लग्न करावं असं होतं. अक्का म्हणाल्या, "पोर डॉक्टर व्हई. मंग लगीन." विषय राज्याचा होता. नाना दोन दिवस ओट्यावर येरझारा घालत राहिले आणि मग मला म्हणाले, "बाई, दिल्लीसुद्धा शाळा-कॉलेजात हात घालत नाही. मी कोण लागून गेलो?" सुमन इंटर करून औरंगाबादला डॉक्टरकीला गेली. मला नानांबद्दल पहिल्यांदा मनापासून आदर वाटला तो तेव्हा.

पण एक गुंता होता, आणि तो नानांनी स्वतःच फार वर्षांपूर्वी घालून ठेवला होता. जळगावला त्यांचे एक मित्र होते. मूळचे सावद्याचे, केळीचा मोठा व्यापार, सगळे त्यांना आबा म्हणायचे. दोघं एका शाळेत, एका बाकावर. पुढे पुण्याला एका खोलीत. नानांना तिथं विषमज्वर झाला तेव्हा आबांनी आपली परीक्षा बुडवून त्यांच्या उशाशी रात्री काढल्या होत्या. नाना सांगायचे की मी जिवंत आहे तो या माणसामुळं. सुमन पाळण्यात असताना नानांनी आबांच्या हातावर हात ठेवून सांगितलं होतं, ही तुझ्या घरची. आबांचा मुलगा आता इंजिनियर होऊन आला होता आणि आबांना लग्न लगेच हवं होतं. शिक्षण पुरे, असं त्यांचं म्हणणं. सुनेनं अपरात्री पेशंट बघायला जावं हे त्यांच्या घरात बसणारं नव्हतं.

आबा वाईट माणूस नव्हते हो. येताना माझ्यासाठीसुद्धा केळी आणायचे आणि जिन्याखालून हाक मारून द्यायचे. पण शब्द म्हणजे शब्द, अशा पिढीतले होते. नानाही त्याच पिढीतले. ते आबांना सांगायचे, अरे, लग्न समवर्ती आहे, ते मी जमवीन, पण शिक्षण तिच्या आईच्या सूचीत आहे, तिथं माझा हात पोचत नाही. आबांना हे घर माहीत होतं, ते हसायचे आणि थोडं थांबायचे. असं वर्षभर रेटलं गेलं. सुमन सुट्टीला आली की आधी माडीवर येऊन मला विचारायची, आबा आले होते का?

मध्येच आणीबाणी आली. गल्लीतल्या टवाळांनी नानांना विचारलं, घरात कधी लावताय? नाना मजबूत केंद्राचे जुने पुरस्कर्ते. फाळणी बघितलेली माणसं, देश तुटेल या भीतीत वाढलेली. त्यांनी आधी सरकारची थोडी बाजू घेतली. मग त्यांच्या बार रूममधल्या एका वकिलाला पहाटे घरातून उचलून नेलं. त्या दिवसापासून नानांनी ओट्यावर मोठ्यानं पेपर वाचणं बंद केलं. सकाळच्या आंघोळीतले मंत्रही थांबले. इतकी वर्षं ज्यांना मी वैतागले होते ते दीपगृहे आणि अफूची लागवड ऐकू येईनात, तेव्हा घर मला अगदी परकं वाटायला लागलं.

आणि मग ती बेचाळिसावी घटनादुरुस्ती आली. ती इतकी लांबलचक होती की नाना म्हणाले, ही दुरुस्ती नाही, नवं घर आहे. त्यात वनं, वजनं-मापं असे काही विषय राज्यसूचीतून काढून समवर्ती केले होते, आणि त्यांतच शिक्षण होतं. नुसतं शिक्षण नव्हे. नानांनी मला पेपरात बोट ठेवून दाखवलं: तांत्रिक शिक्षण, वैद्यकीय शिक्षण आणि विद्यापीठं धरून. त्यांचं बोट 'वैद्यकीय'वर बराच वेळ राहिलं.

दिल्लीत जे होईल ते या घरात होणार, असं नाना आयुष्यभर सांगत आले होते. शिक्षण समवर्ती झालं म्हणजे ते नानांच्या हातात आलं. हात पोचत नाही ही सबब संपली. हे मला कळलं, सुमनला कळलं, आणि चार इयत्ता शिकलेल्या अक्कांना आमच्या आधी कळलं. संध्याकाळी मी शाळेतून आले की त्या पदर खोचून विचारायच्या, "दिल्लीवाला काय करी ऱ्हायनात, बाई?" मी सांगायचे, लोकसभेत पास झालं. राज्यसभेत पास झालं. आता विधानसभा मान्यता देताहेत. त्या ऐकून आत जायच्या. डिसेंबर संपेपर्यंत निम्म्याहून जास्त विधानसभांनी मान्यता दिली आणि नव्या वर्षात ती दुरुस्ती लागू झाली.

सुमन तेव्हा सुट्टीत घरी आली होती. माझ्या गादीवर पुस्तक उघडून बसली होती, पण पान उलटत नव्हती. म्हणाली, "बाई, दिल्लीत बसलेल्या एकालाही मी माहीत नाही." फटकळ पोरगी, रडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी तिच्या डोक्याला तेल लावून दिलं.

संक्रांतीच्या आसपास आबा आले, बायकोला घेऊन. पिशवीत नारळ, साखर आणि ब्लाउजपीस होते, म्हणजे या खेपेला ते होकार घेतल्याशिवाय उठायच्या तयारीनं आले नव्हते. मी स्वयंपाकघरात अक्कांना तीळ निवडून देत होते. दार उघडं होतं, बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. आबा म्हणाले, "नाना, आता तर दिल्लीनंच तुझे हात मोकळे केले. बोल." त्यांच्या आवाजात थट्टा होती आणि थट्टेच्या खाली फार वर्षांची वाट पाहणं होतं. अक्कांचे हात भाकरीवर चालूच होते. सुमन माडीवर होती.

मग नानांचा आवाज आला. "सातव्या अनुसूचीत बदल करायचा तर संसदेनं पास करून भागत नाही. निम्म्या राज्यांची मान्यता लागते. दिल्लीनं ती घेतली. मलाही घ्यावी लागेल."

"घे की मग," आबा म्हणाले. "तुझ्या घरात राज्यं आहेत किती?"

"एकच आहे," नाना म्हणाले आणि उठले.

ते स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. कोट घातलेला होता. मी तिळाचं सूप खाली ठेवलं. इतकी वर्षं मी त्या घरात राहत होते, पण त्या दोघांना एकमेकांसमोर असं उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. नाना कोर्टातल्यासारखे बोलायला लागले. शिक्षण हा विषय राज्यसूचीतून काढून समवर्ती सूचीत घालण्याची दुरुस्ती आहे, राज्याची मान्यता आहे किंवा कसे, असं काहीतरी म्हणाले. त्यांचा चेहरा अगदी काकुळतीला आलेला होता. मला वाटलं, अक्का आता विरघळणार. चाळीस-पन्नास वर्षांची मैत्री दारात बसलेली आहे, नवरा असा उभा आहे, कोणती बाई नाही म्हणेल?

अक्कांनी तव्यावरची भाकरी उलटली. मग मान वर करून म्हणाल्या, "नही."

नानांनी विचारलं, "कारण?"

"कारण सांगानं कलम शे का?"

नानांनी खरोखरच विचार केला. मला दिसत होतं, ते मनातल्या मनात पानं उलटत होते. "नाही," ते म्हणाले. "तसं कलम नाही." आणि मागे वळले.

बाहेर त्यांनी आबांना सांगितलं की मान्यता मिळाली नाही, त्यामुळे दुरुस्ती पडली आणि शिक्षण होतं तिथंच आहे. मुलगी डॉक्टर होईल, मग लग्नाचं बोलता येईल, तोवर थांबणार असशील तर मी तुझा ऋणी. आबा थांबणार नव्हते. त्यांच्या बायकोनं नारळ पिशवीत परत ठेवला. आबा ओट्याच्या पायऱ्या उतरले, मागे वळले आणि म्हणाले, "तुझ्या उशाशी बसलो तेव्हा मी कुणाची मान्यता घेतली नव्हती."

त्या दिवशी नाना जेवले नाहीत. महिन्याभरानं ते जळगावला जाऊन आले. घरच्यांनी त्यांना बैठकीत बसवलं, पण आबा बाहेर आले नाहीत. नंतर कधीच बोलणं झालं नाही. आबा गेल्याचं नानांना पेपरातून कळलं तेव्हा ते माझ्या खोलीत येऊन बसले आणि पुण्यातल्या त्या खोलीचं वर्णन करत राहिले. तिची खिडकी कुठं होती, खाली इराण्याचं हॉटेल कसं होतं. मी चहा केला, तो गार झाला.

सुमन डॉक्टर झाली. शिंदखेडा तालुक्यात सरकारी दवाखान्यात लागली आणि अपरात्री बैलगाडीत बसून बाळंतपणाला जायला लागली. लग्नही केलं, स्वतःच्या पसंतीनं, आणि ते आईबापांपुढे रीतसर समवर्ती विषय म्हणून मांडून मंजूर करून घेतलं. आणीबाणी गेली, सरकारं बदलली, त्या लांबलचक दुरुस्तीतलं काही काही पुढे मागे घेतलं गेलं. शिक्षण मात्र देशात समवर्तीच राहिलं. फक्त चौथ्या गल्लीतल्या त्या घरात ते शेवटपर्यंत राज्यसूचीत होतं. नाना सकाळी पुन्हा अनुसूची मोठ्यानं म्हणायला लागले होते. शिक्षणापाशी आले की आवाज जरा चढायचा.

मला मात्र एक कोडं सुटेना. गणिताची बाई, बेरीज जुळत नसेल तर झोप येत नाही. रेडिओ नेला, खाट नेली, माळ्याची किल्ली नेली, तेव्हा नानांना निम्म्या राज्यांची आठवण कधी झाली नव्हती. त्यांनी जेवताना नुसतं जाहीर केलं असतं तरी चाललं असतं. मित्राला दिलेला शब्द पाळता आला असता. मग नेमकं त्याच दिवशी, नेमकं त्याच विषयाला, हा माणूस कोट घालून दाराशी का आला? नाना होते तोवर मला विचारायचा धीर झाला नाही. त्यांनी मला परत शेतीपासून सुरुवात करायला लावली असती, हेही एक कारण.

नाना गेल्यावर मी भेटायला गेले. माझी तोवर जळगावला बदली झाली होती. अक्का अंगणात खाटेवर बसल्या होत्या, शेजारी रेडिओ होता. सुमन दवाखान्यात गेली होती. मी बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिले आणि मग ते विचारलं. म्हटलं, अक्का, त्या दिवशी ते दाराशी इतके काकुळतीला आले होते, तुम्हाला नाही म्हणवलं कसं? मित्र तुटला त्यांचा.

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. वर्गातल्या मठ्ठ मुलीकडे मी जशी बघते, अगदी तशी.

"तेस्नी शब्द दिन्हा व्हता, बाई," त्या म्हणाल्या. "तेस्ले मोडता येत नव्हता. इतला वरीस संसार कया मी. दारमा उभा राहीसन मानूस काय मांगस, ते माले समजत नही का? तेस्ले 'नही' पाहिजे व्हतं. मी दिन्हं."